गलतीकरांस पत्र

मी सिस्टर नाही. एवढं एक वाक्य पालकांपर्यंत पोहोचवायला मी 22 वर्षं खपते आहे आणि ते अजून पोहोचलेलं नाही. मिशनची शाळा, त्यात मुख्याध्यापक बाईमाणूस, म्हणजे ती सिस्टरच असणार, असा यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या या तालुक्याच्या गावाचा हिशेब आहे. मला नवरा आहे, दोन मुलं आहेत, मंगळवारच्या बाजारात मी मेथीच्या जुडीवरून भांडते, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याने काही फरक पडत नाही. ह्यांना आधी लोक 'सिस्टरचे मिस्टर' म्हणत. मग एका आजीने बढती देऊन त्यांना 'फादर' केलं. तिने भर बाजारात वाकून नमस्कार केला तेव्हा ह्यांनी एका हाताने वांग्यांची पिशवी सावरत दुसरा हात वर करून आशीर्वाद देऊन टाकला. ह्यांचं कृषी केंद्र आहे. त्या वर्षी आजीची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बरी आली, त्यामुळे आता दुरुस्तीची आशा संपली.

ज्या बाईला एवढी साधी गोष्ट कळवता येत नाही, तिच्यावर आमच्या संस्थेने काम सोपवलं ते असं: मुख्याध्यापकांनी पालकांस दरमहा पत्राद्वारे माहिती व उत्तेजन द्यावे. आता 'उत्तेजन' हा आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचा घरगुती शब्द. प्रार्थनासभेत आम्ही एकमेकांना उत्तेजन देतो, आजाऱ्याच्या उशाशी बसून उत्तेजन देतो, उपदेश तासभर लांबला तरी निघताना 'फार उत्तेजन मिळालं' म्हणतो. त्याच भाबडेपणाने मी पहिल्या पत्राला मथळा दिला, 'पालकांस उत्तेजनार्थ'. सोमवारी सकाळी सातवीतल्या एका पोराचे वडील शाळेच्या पायरीवर हजर.

"मॅडम, मले उत्तेजनार्थ लागलं म्हंते पोट्टं. बक्षीस कधी भेटते?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाता जाता दारातून मागे वळून विचारलं, "बरं, पयला-दुसरा कोनाचा आला?"

पत्रं लिहिण्याच्या बाबतीत आमच्यापुढे आदर्श एकच, गावोगावच्या पहिल्या ख्रिस्ती लोकांना पत्रं लिहिणारा प्रेषित पौल. मी मूळची नगरकडची, आजोबा तिथल्या एका मंडळीचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. संडे स्कूलमध्ये बायबलच्या नव्या करारातल्या पत्रांची नावं आम्ही पाढ्यासारखी म्हणायचो. रोमकरांस, करिंथकरांस पहिले, करिंथकरांस दुसरे, गलतीकरांस. इथे हमखास हशा व्हायचा. गलत्या करणाऱ्या लोकांना लिहिलेलं पत्र, अशीच आमची सगळ्यांची समजूत होती. गलतिया हा आजच्या तुर्कस्तानातला एक प्रांत होता, हे पुढे कळलं. पण आमची समजूत अगदीच वाया गेली नाही, कारण पौल एरवी पत्र उघडलं की ज्यांना लिहितो आहे त्यांच्याबद्दल आधी देवाचे आभार मानतो. गलतीकरांना मात्र रामराम होताच 'मला आश्चर्य वाटते' म्हणून फैलावर घेतो. आणखी एक कोडं मला तेव्हा पडायचं. करिंथकरांना दोन पत्रं, थेस्सलनीकाकरांना दोन. एकाच गावाला दुसरं पत्र कशाला लागतं? मुख्याध्यापक झाल्यावर उलगडलं. पहिलं त्यांनी वाचलं नसणार.

सुरुवातीची वर्षं नुसत्या झेरॉक्सची होती. साडेचारशे प्रती काढायच्या, साडेचारशे दप्तरांत टाकायच्या. दप्तराच्या तळाशी गेलेला कागद थेट दिवाळीच्या सुट्टीत, चिंचेचे चिचोके आणि अर्धी भाकर यांच्या संगतीत वर येतो. पावसाळ्यात शाळेमागच्या नालीतून माझी पत्रं होड्या होऊन जाताना मी स्वतः पाहिली आहेत. 'कृपा व शांती' पाण्यावर, 'फी भरणे' पाण्याखाली.

एकदा आमच्या बाबूंनी टाइप करताना 'पालकसभे'ची 'पाळकसभा' केली. ल आणि ळ मध्ये एवढं काय, असं त्यांचं म्हणणं. शिरस्त्याप्रमाणे एक प्रत मंडळीच्या पाळकांना गेली. ते बिचारे 40 किलोमीटर मोटरसायकल हाकत आले आणि रिकाम्या हॉलमध्ये पहिल्या बाकावर बसले. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला परत कसं पाठवणार? मी त्यांना एकट्यालाच घटक चाचणी, गणवेशाचे बूट आणि डब्यात कुरकुऱ्यांऐवजी भाकर देण्याचं महत्त्व सांगितलं. शेवटी त्यांनी प्रार्थना केली. त्या दिवशी पालकसभेला पाळक तेवढे आले. (पालक या शब्दावर भाजीचाही विनोद होतो, पण तो दर स्नेहसंमेलनात चौथी 'ब' करते, तिच्या तोंडचा घास मी काढून घेणार नाही.)

मग व्हॉट्सॲप आलं. वाटलं, सुटले. पौलाला हे मिळालं असतं तर तुरुंगात बसून शाई आटवावी लागली नसती. पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर दोन बोकूड विकायला आले, सोयाबीनचा भाव आला, कुणाच्या तरी साळ्याच्या लग्नाची पत्रिका आली. मी लिहिलं, 'कृपया येथे फक्त शाळेसंबंधी लिहावे.' त्यावर 63 जणांनी 'ओके मॅडम' लिहिलं, आणि मूळ सूचना त्या ओकेंच्या ढिगाखाली गाडली गेली. शेवटी मी ग्रुपला कुलूप लावलं, लिहायचं फक्त मी. आता उत्तराला उरली ती चिन्हं. आमच्या शाळेतल्या पोरांचे आजोबा अंगठा उठवत होते, बाप सही करायला शिकले, आणि आता तेच बाप पुन्हा अंगठाच पाठवतात. गॅदरिंगच्या सूचनेला अंगठा, परीक्षेला अंगठा, फीच्या सूचनेला मात्र जोडलेले हात. अपार आयडीची, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या शैक्षणिक ओळख क्रमांकाची, संमती मागितली तेव्हा तर काहीच आलं नाही. त्या कामाचं नाव ज्याने ठेवलं त्याला पुढचं दिसत असावं; आधारवर एक नाव, दाखल्यावर दुसरं, जन्माच्या नोंदीत तिसरं, त्याला पार कसा तो नाहीच.

शिवाय घरातला फोन नेमका कोणाजवळ असतो, हा मुद्दा आहेच. 'मुलांच्या हाती मोबाइल देऊ नये' ही माझी कळकळीची सूचना सर्वात आधी वाचली ती मुलांनी, आणि वाचून पुसलीही त्यांनीच.

भाषेचं आणखी वेगळं. चौथीच्या बाईंनी एकदा भेळीच्या उपक्रमासाठी लिहिलं, 'उद्या कांदा, लिंबू, सांबार आणणे.' आमच्या वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. मला स्वतःला इथे आल्यावर पहिले सहा महिने भाजीवाल्याशी बोलताना धडपडावं लागलं होतं. पण कोल्हापूरकडून नुकत्याच बदलून आलेल्या एका साहेबांच्या घरी हे कोण सांगणार? त्यांच्या मुलीच्या आईने पहाटे उठून शेवग्याच्या शेंगा घातलेलं, वाफाळतं, डबाभर सांबार पाठवलं. भेळ त्या दिवशी जेवणासारखी जेवलो.

या सगळ्यात एकच टपाल कधी चुकलं नाही, ते म्हणजे ऑटोवाले. आमची निम्मी लेकरं खेड्यांवरून ऑटोने येतात, मोठ्या मुली मानव विकास या सरकारी योजनेच्या निळ्या बसने. ऑटोवाल्या भाऊंना मी फाटकाजवळ दोन वाक्यं सांगितली की ती दिवेलागणीच्या आत बारा खेड्यांत पोहोचतात, वाटेत थोडी वाढून. एकदा बाजारात पाचवीतल्या एका मुलीची आई मला अडवून म्हणाली, "मॅडम, तुमी निरोप धाडला का पोरगी लय चांगली वाचते, तं तिच्या आजीनं साऱ्या गल्लीले सांगतलं." मी असा निरोप धाडलाच नव्हता. चौकशी केली तेव्हा भाऊ म्हणाले, "मी सगळ्यायच्याच घरी सांगतो मॅडम. उतरवताना काईतं बोलाव लागते ना जी." दुसऱ्या दिवशी त्या मुलीला उभं करून धडा वाचायला लावला. खरंच बरी वाचत होती. संस्थेने उत्तेजनाचं काम चुकीच्या माणसाला दिलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं, पण मी वर कळवलं नाही. पगाराचा प्रश्न येतो.

कळवण्यात खरी परीक्षा पावसात. तशी आमची कटकट जूनपासूनच सुरू होते. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पण टीव्हीवर मुंबईची रडकी पोरं फाटकात शिरताना दिसली की आमच्याकडेही दोन-चार लेकरं नवं दप्तर लावून बंद फाटकाशी उभी. ते हसण्यावारी नेता येतं. नाल्याचं नेता येत नाही. आमच्या गावाच्या तिन्ही बाजूंना नाले, आणि एका रात्रीच्या पावसात पुलावरून पाणी जातं. सुट्टी द्यायची तर पहाटे पाचला ठरवावं लागतं. दिली की दहाला लख्ख ऊन पडतं आणि पालक म्हणतात, मॅडमले झोप आली असन. मी ऐकून घेते. आमच्या मिशनच्या इतिहासात स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी आहेत. नागपुरात 1846 मध्ये शाळा काढली, 1883 चं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. हा माणूस 1863 च्या सप्टेंबरात नागपूरजवळच्या टाकळघाटहून बोरीकडे परतताना रात्री अशाच फुगलेल्या ओढ्यात बुडून गेला. त्यामुळे पहाटे पाचला खिडकीतून पावसाचा आवाज ऐकताना मला संस्थेचं परिपत्रक आठवत नाही, तो ओढा आठवतो. ऊन पडलं तर पडलं.

आता मथळ्यातल्या त्या पत्राकडे येते.

श्रावण संपत आला होता. घटक चाचणी झालेली, आठवीचं गणित पार झोपलेलं, आणि मी ओळीने तीन पालकसभा बोलावल्या. पहिलीला सात जण, दुसरीला चार. तिसरीला एकच बाई, त्याही पोराचा दाखला काढायला आलेल्या. पंधरा दिवसांच्या झडीनंतर उघाड पडली होती, सगळा गाव निंदण-डवरणीला शेतात उतरला होता, हे मला खिडकीतून दिसत होतं. पण रागावलेल्या माणसाला खिडकीतलं दिसत नाही. मी ठरवलं, बस. आता आभार नाहीत, उत्तेजन नाही. आता गलतीकरांस.

'पालकहो, मला आश्चर्य वाटते,' अशी सुरुवात केली. आपण शाळेची एकही सूचना वाचत नाही, असं लिहिलं. पाल्याच्या भवितव्याची आपणास फिकीर नाही, असं लिहिलं. येत्या शुक्रवारी सकाळी 11 वाजता सभा, उपस्थिती सक्तीची, सबब चालणार नाही. पौलानेही त्या पत्राच्या शेवटी 'पाहा, केवढ्या मोठ्या अक्षरांत मी हे स्वतःच्या हाताने लिहितो आहे' असं म्हटलं आहे, म्हणून मीही फाटकाजवळच्या फळ्यावर स्वतः खडू घेऊन हातभर अक्षरांत उतरवलं. बाबूंनी टाइप करताना एकदा माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. संध्याकाळी पाचला पत्र ग्रुपवर टाकलं. वर, वाचल्याची प्रत्येकाने नोंद करावी, म्हणून ग्रुपचं कुलूपही काढलं.

सातपर्यंत 112 जणांनी वाचलं होतं. इतिहासात प्रथमच. मी ह्यांना म्हटलं, बघा, गोड बोलून कामं होत नाहीत.

पहिलं उत्तर आलं, 'मॅडम शुक्रवारी पोळा हाये.'

कॅलेंडर समोरच्या भिंतीवर होतं. रागात माणूस तारीख बघतो, तारखेखालचं बारीक अक्षर बघत नाही. मग उत्तरं अशी यायला लागली जशी मारुतीच्या देवळापुढे तोरणाखाली बैलं येतात, एकामागे एक, घुंगरं वाजवत. एकाने लिहिलं, 'सुट्टी हाये ना जी शाळेले?' एकाने बोलून पाठवलं, मागे बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या: "मॅडम, गुरुवारी खांदशेकनी. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं बैलायले सांगा लागते. त्यायले आवतन देऊन आमी तुमच्या मिटिंगले आलो तं ते का म्हनतीन?" खांदशेकणी म्हणजे पोळ्याची आदली संध्याकाळ, बैलांचे खांदे शेकायची. बैल आवतणाला मान देतो, त्याला दुसरं पत्र लागत नाही, हे मला मान्यच करावं लागलं.

आणि मग एक फोटो आला. त्याच उत्तेजनार्थवाल्या वडिलांचा. जमिनीवर पसरलेली रेशन कार्डाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यातून काढलेलं माझं आदल्या आठवड्याचं पत्र, एकही घडी न मोडलेलं. तिसऱ्या ओळीखाली लाल पेनाने रेघ: 'शुक्रवारी पोळ्यानिमित्त शाळेस सुट्टी राहील. पालकांनी नोंद घ्यावी.' खाली त्यांनी लिहिलं होतं, 'तुमीच त लिहेल हाये. आमी नोंद घेतली.' पिशवीत त्याच्यामागे आणखी कागद दिसत होते. मी फोटो मोठा करून पाहिला. वरचा कोपरा ओळखीचा होता. 'पालकांस उत्तेजना' एवढंच वाचता येत होतं, पुढचं रेशन कार्डाखाली.

त्या पोळ्यात तोरणाखाली माझ्यावर एक झडती, म्हणजे पोळ्यात म्हणतात ते चिमटे काढणारं कवन, तेसुद्धा म्हटलं गेलं, असं ऐकते. पूर्ण कोणी म्हणून दाखवत नाही मला. दोन ओळी झाल्या की सगळे हसायलाच लागतात.

पण ते पुढचं. त्या रात्री नऊच्या सुमाराला ग्रुपवर शेवटचा निरोप आला तो त्या बाजारातल्या आजीचा, नातवाच्या फोनवरून. "सिस्टरबाई, चुकलं तं चुकलं. पोयाले पुरनपोयी हाये, जेवाले या. फादरले बी घेऊन या."

पौलाने गलतीकरांस एकच पत्र लिहिलं. मी साडेनऊला दुसरं लिहायला बसले.