चर्चला कायदाच लागू नाही? महाराष्ट्रापुरती वस्तुस्थिती

'मंदिरांवर सरकारची नजर, चर्च मात्र मोकळी. ना हिशेब, ना परवानगी. परदेशातून हवा तेवढा पैसा येतो आणि मत कुणाला द्यायचं ते वेदीवरून सांगतात.' हा मजकूर जोरात फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यामुळे शेजाऱ्यांविषयी नाहक संशय पसरतो.

हिशेब आणि परवानगी : महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या व्याख्येत मंदिराबरोबर चर्चचंही नाव आहे. म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, लेखापरीक्षण, आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची नोंद करण्यासाठीचा अहवाल. जमीन विकायची तर कलम ३६ खाली पूर्वपरवानगी हवी. बिगरशेती जागा ३ वर्षांपेक्षा, शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरीही. विश्वस्तांचा ठराव, मूल्यांकन अहवाल, वर्तमानपत्रात जाहिरात, सीलबंद देकार, असा तो रस्ता आहे. घोळ होतो तो बहुधा जुने चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं प्रलंबित राहिल्याने : धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीत (परिशिष्टावर) मयत विश्वस्तांची नावं, सही करणारे वेगळेच, मग अर्ज अडतो. ही रड देवळांच्या ट्रस्टचीही आहे.

मजकुरात तथ्य आहे ते एवढंच : पंढरपूर (१९७३), सिद्धिविनायक (१९८०), शिर्डी (२००४) यांच्यासाठी स्वतंत्र कायदे आहेत, समित्या सरकार नेमतं. त्यावर आक्षेप जरूर घ्यावा. पण त्यावरून चर्च कायद्याबाहेर ठरत नाही.

परदेशी पैसा : परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या संस्थेला वळवायला बंदी, दरवर्षी विवरणपत्र. सगळ्या धर्मांच्या संस्थांना हेच नियम.

वेदीवरून प्रचार : १९८८ चा धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा चर्चलाही लागू आहे. आवारात राजकीय प्रचार किंवा संस्थेचा निधी पक्षासाठी वापरणं, शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. धर्माच्या नावावर मत मागणं गैर ठरवणारा, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये बहुमताने दिलेला निकाल तर मुंबईतल्या सांताक्रूझच्या निवडणुकीतून आलेल्या खटल्यातला. 'मतदान करा, विचार करून करा' हे फादर सांगू शकतात; उमेदवाराचं नाव घेतलं की प्रकरण वेगळं. तसं खरंच घडत असेल तर फॉरवर्ड करत बसू नका : आचारसंहितेच्या काळात जागेवरूनच व्हिडिओ काढून निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर टाका, एरवी तारीख-वेळेसह पोलिसांत लेखी तक्रार द्या.