गाडी खालून बघावी

"पिकअप घ्यावी म्हणतो" हे वाक्य आमच्या मराठवाड्यात चारचौघांत बोलायचं नसतं. बोललात, की दुसऱ्या दिवशी सकाळी दारात साडू, मेहुणा, साडूच्या गावचा मिस्त्री आणि ज्याच्या दावणीला उभ्या जन्मात सायकलसुद्धा नव्हती असा एक जाणकार, असे चौघे चहाला हजर. निम्मे म्हणतात, "नवीच घ्या दाजी, जुनी म्हंजे दुसऱ्याचं दुखणं." उरलेले म्हणतात, "नवीचे हप्ते फेडता फेडता दाढी पांढरी व्हईल." दोघांचंही खरं असतं, तिथंच सगळी पंचाईत.

माझं म्हणणं असं, की नवी का जुनी हे नंतर. आधी सांगा, न्यायचं काय आणि किती? यावर मात्र पारावर सगळे गप्प. कारण वजनाच्या बाबतीत आपल्याकडं खरं बोलायची पद्धत नाही. लग्नपत्रिकेत वय आणि पिकअपमध्ये वजन, दोन्ही सोयीनं सांगितलं जातं.

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं भरल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. वजाबाकी केली की भार निघतो. पण त्या भारातून ड्रायव्हर आणि शेजारचा गडी वजा करायचा, दोघांचे मिळून दीडशे किलो. वरून लोखंडी अँगल मारून हौद्याच्या कडेचे फाळके उंच केले असतील तर आणखी शंभरएक किलो गेले. म्हणजे 1,700 किलोची गाडी म्हणून जी मिरवतो तिच्यात सोयाबीनची 60 किलोची पोती 28 बसतात हे गणित कागदावर बरोबर. हौद्यात ती 24 च बसायला पाहिजेत. बसवतात चाळीस. अडत्यासमोर कोणी विचारलंच तर "अंदाजे भरली".

उन्हाळ्यात तर वजाबाकीच उलटी होते. बीड, जालन्याकडं मार्च सरला की पिकअपच्या हौद्यात 2,000 लिटरची काळी टाकी चढते. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण टाकी भरताना ते मास्तरच्या हवाली असतं. 1,700 ची गाडी, 2,000 किलोचं पाणी, वर टाकी, वर दोन माणसं. कोणी शहाणा म्हणतो, "मग अर्धीच भरू." ते त्याहून वाईट. अर्ध्या टाकीत पाणी हेलकावे खातं, वळणावर ते एका अंगाला जातं आणि गाडीलाही तिकडंच बोलावतं. त्यापेक्षा 1,500 लिटरची टाकी आणावी आणि काठोकाठ भरावी. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. एवढ्यात पाण्याच्या किती खेपा होतात ते टाकीवाल्यालाच विचारा.

कापसाचं निराळं. कापूस वजनानं हलका आणि आकारानं डोंगर. तिथं टन नाही, हौद्याची लांबी बघायची. आठ फूट आणि नऊ फूट यात शोरूममध्ये एका फुटाचा फरक दिसतो, जिनिंगच्या फाटकात तो एका खेपेचा होतो. मोसंबीच्या कॅरेटला तळ सपाट पाहिजे, चाकांचे उंचवटे आत आले की खालच्या थराला कॅरेट कमी. आणि घरची गल्ली! नऊ फुटी हौदा घेऊन आलात आणि वेशीतून वळेना, तर गाडी कायमची मारुतीच्या पारासमोर. मग पारावरची मंडळी तिच्यावर वाळवणं घालतात.

आता नवी. शोरूममध्ये एसी असतो, थंड पाणी असतं, आणि "फक्त सात टक्के, दादा" असं गोड बोलणारा मुलगा असतो. हे सात टक्के सपाट व्याज. म्हणजे तुम्ही फेडत चाललात तरी व्याज पहिल्या दिवशीच्या मुद्दलावरच. 8 लाखांवर पाच वर्षं 7 टक्के सपाट म्हणजे 2 लाख 80 हजार व्याज आणि 18,000 चा हप्ता. हाच हप्ता बँकेच्या घटत्या हिशोबानं मांडला तर दर निघतो साडेबारा टक्के. म्हणून दर विचारूच नये. "हप्ता किती, किती महिने, आणि सगळे मिळून किती?" एवढं विचारावं आणि मोबाईलवर गुणाकार करावा. तो गुणाकार होईपर्यंत पोरगं चहा मागवतं.

कोटेशनही ओळीवर बोट ठेवून वाचायचं. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, त्याआधीच्या किमतीचा कागद कोणी पुढं सरकवला तर परत सरकवावा. "हँडलिंग" अशी ओळ दिसली तर विचारावं, कशाचं हँडलिंग बाबा, आमचं? विमा तिथंच घ्यायची सक्ती नसते. ताडपत्री, कमानी, हौद्यातला रबर मॅट आणि देवीचा फोटो हे कशातच धरलेलं नसतं. जानेवारीत घेणार असाल तर गाडी कोणत्या महिन्यात बनली ते बघा. डिसेंबरची गाडी जानेवारीत एका रात्रीत एक वर्षानं म्हातारी होते, ती सूट देऊन खपवतात. सूट मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. सूट न देता "नवंच मॉडेल" म्हणत असतील तर उठावं.

नव्या गाडीची एक खास मराठवाडी भीती आहे, ती म्हणजे युरिया. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले. त्यातल्या काही गाड्यांना डिझेलसोबत डीईएफ लागतं, ज्याला पंपावर सरळ "युरिया" म्हणतात. ते शुद्ध पाण्यात 32.5 टक्के युरिया असं मोजून-मापून बनवलेलं द्रावण असतं. घरी खताची गोणी पडलीये, बादलीत कालवू आणि ओतू, असा विचार ज्यांच्या डोक्यात आत्ता आला त्यांनी जुनी बीएस-4 गाडीच बघावी. खताचा युरिया उसाला चालतो. सायलेन्सरमधल्या त्या महागड्या यंत्रणेत त्याची खडी जमते, आणि तिचं बिल आलं की ऊस विकावा लागतो.

जुनीकडं वळू. जुन्या गाडीच्या बाजाराची स्वतःची भाषा आहे. "सिंगल हँड" म्हणजे आरसीवर एकच नाव. स्टिअरिंगवर किती हात पडले ते विचारू नये. "घरच्या घरी वापरली" हे दीड टनाच्या गाडीबद्दल सांगतात, तेव्हा त्या घरात कोण कोण राहतं याचं मला कुतूहल वाटतं. "फक्त दुधाला होती" हे सगळ्यांत लाडकं वाक्य, जणू गाडी गोठ्यात उभी राहून रवंथ करत होती. दुधाची गाडी सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या मारते, दर फेरीला वीस-पंचवीस थांबे. वजन कमी, पण क्लच आणि ब्रेक दिवसातून पन्नास वेळा. तिच्या मीटरकडं नका बघू, क्लच पेडलच्या रबराकडं बघा. मीटर मागं फिरवता येतं, रबर उगवत नाही. अन् मीटर 60,000 आणि रबर कोरं करकरीत असेल तर ते कालच बसवलंय.

गाडीनं आधी काय वाहिलं ते कळलं, की कुठं बघायचं ते आपोआप कळतं. खडी-वाळूची असेल तर पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा. पुणे-मुंबईच्या भाजीची असेल तर दिसायला सुंदर, आणि इंजिन रात्रभर पळून पळून थकलेलं. शेळ्या-बोकडांची असेल तर रबर मॅट उचला. जनावरांचं मूत आणि फुटलेल्या गोणीतलं खत पत्र्याला सारखंच गोड लागतं. मॅटखाली हौद्याला जाळी पडलेली असते, आणि विकणारा ती "पाणी निघून जायला" म्हणून दाखवतो. पण सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे डीजेची गाडी. तिनं वजन ओढलेलं नसतं, कंप सोसलेला असतो. हौद्याच्या कडेला वेल्डिंगचे गोल डाग, डॅशबोर्डखाली कापून टेपनं जोडलेल्या वायरींचा गुंता, आणि हॉर्न दाबला की वायपर फिरतो. मालक म्हणतो, "लाइटचं तेवढं बारीक काम हाय." ते बारीक काम तीन इलेक्ट्रिशियन पुरून उरतं.

बघायला जाताना सोबत एक रिकामं पोतं, हातातली बॅटरी, चुंबक आणि मोजायचा टेप न्यावा. पोतं अंथरून खाली झोपायला. लोक गाडीभोवती फिरतात, चाकाला लाथ मारतात, काचेवरचं लिंबू-मिरची बघतात. टायरला लाथ मारून आजवर कोणाला काय कळलं हे मला कोडंच आहे. टायरच्या कडेला चार आकडे असतात, 3221 असेल तर 2021 च्या 32 व्या आठवड्यातला टायर. ते वाचायला लाथ लागत नाही.

गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम असेल तर परत उद्या. "आत्ताच जरा फिरवून आणली" याचा अर्थ सकाळी थंड असताना ती सुरू व्हायला कुरकुर करते. थंड इंजिन सुरू करून धूर बघावा: निळा म्हणजे ऑईल जळतंय, काळा राहिला तर एअर फिल्टर, इंजेक्टर किंवा टर्बो, पांढरा आणि थांबेचना, तर पाणी इंजिनात चाललंय. मग ऑईलचं झाकण फिरवून सैल करावं आणि तोंडावर उलटं नुसतं ठेवावं. थोडं थरथरलं तर वयाचं आहे. टुणकन उडालं, किंवा तोंडातून धुराचे लोट यायला लागले, की रिंगा-पिस्टन गेलेत आणि इंजिन बोअरिंगला आलंय. झाकणाच्या आत चहावरच्या सायीसारखं काही चिकटलं असेल तर ऑईलमध्ये पाणी मिसळतंय, हेड गॅस्केट गेलंय. रेडिएटरचं झाकणही थंड असतानाच काढा. आपल्याकडं कूलंट संपलं की बोअरचं पाणी ओततात, आणि ज्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला पांढरा थर चढतो तो थर रेडिएटरच्या नळ्यांत चढणार नाही तर काय. मे महिन्यात 43 अंशांत काटा लाल पट्टीत जातो, तेव्हा कोणी बोअरवेलला दोष देत नाही. म्हणतात, "कंपनीच तसली."

आता पोतं. खाली सरकल्यावर पहिले पाटे मोजा, डावीकडं किती, उजवीकडं किती. एका बाजूला एक जास्त निघाला तर तो कारखान्यातून आलेला नाही. जादा पाटा टाकून गाडी "मजबूत" करणं हा आपला आवडता उद्योग. पण पाटे वाकायचे थांबले की धक्का चेसीला जातो, आणि चेसीला जादा पट्टी कारखान्यानं दिलेली नसते. म्हणून चेसीवर बॅटरी मारा, विशेष करून केबिनच्या मागं आणि मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी. तडा तिथंच जातो. सगळी चेसी धुळीनं तपकिरी आणि मध्येच हातभर जागा नव्या काळ्या रंगाची दिसली, की तिथं चुंबक लावायचं आणि बोट फिरवायचं. चुंबक नीट धरलं नाही तर आत पुटी भरलीय, आणि बोटाला लाट लागली तर वेल्डिंग. त्याच्यावर मालकाचं ठरलेलं उत्तर आहे: "ते आधीपासूनच हाय." आधीपासून म्हणजे कधीपासून, हे विचारलं की त्याला फोन येतो. बाहेर येऊन टेपनं चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंत दोन्ही बाजू मोजा. सपाट जागेवर एक इंचाहून जास्त फरक पडला तर गाडी एका अंगावर बसलीय.

चालवून बघायची ती रिकामी नको. रिकामी पिकअप सगळ्यांचीच चांगली असते, उड्या मारते म्हणून जोमदार वाटते. दहा-पंधरा पोती टाकून, बीडकडं असाल तर मांजरसुंब्याच्या घाटात न्या, संभाजीनगरकडं असाल तर कन्नडच्या. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. घाटात जायला वेळ नसेल तर मैदानात हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. रेंगाळत चालू राहिलं तर क्लचप्लेटचे पैसे किमतीतून काढा. उतारावर एक्सलेटर सोडल्यावर मागून हूं-हूं आवाज आला तर क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधले गिअर, गेलेत. दुसऱ्या गिअरमधून दांडा आपोआप बाहेर आला तर गिअरबॉक्स. त्या वेळी शेजारी बसलेला मालक न चुकता रेडिओचा आवाज वाढवतो.

कागदांचं थोडक्यात. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30 वर सही घेतल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. आरसीवर फायनान्सचं नाव असेल तर ते उतरवायला फॉर्म 35. गाडी बिदर-निजामाबादकडची असेल तर फॉर्म 28 ची एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला. स्वस्त मिळाली म्हणून आणलेली परराज्याची गाडी नंबर बदलेपर्यंत दारात उभी राहते आणि स्वस्ताई तिथंच संपते. विमा 14 दिवसांत नावावर करा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची विम्यातली सूट, विकणाऱ्याकडं राहतो, तो तुम्हाला मिळत नाही. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून ई-चलनं बघा. 1 एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसलीय का तेही. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दर वर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं, म्हणून सात वर्षांची गाडी घेणाऱ्यानं फिटनेसचा खर्च डायरीत आत्ताच लिहावा. एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. आणि लायसन्सवरून पारावर भांडण होणारच, तर सांगून टाका: साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालते, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये तसं स्पष्ट केलंय. जाणकार तरीही मानणार नाही.

तर पोत्यावर झोपून, झाकणं उडवून, पाटे मोजून गाडी शेवटी दारात येते. नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू चिरडतं, समोरच्या काचेवर आई तुळजाभवानी का खंडोबा यावर दोन दिवस जातात. तिसऱ्या दिवशी पहिली खेप, सोयाबीन, लातूरचा मोंढा. चोवीस पोती भरून फाळका लावायला हात जातो तोच मागून मामा ओरडतात.

"आरं थांब, फाळका कामून लावायलास? अजून धा-बारा टाक की."

"मामा, वजन जास्त व्हतंय."

"नवीच हाय ना? मग काय व्हतंय तिला!"

गाडी जुनी असली तरी मामा तिथंच उभे असतात आणि पोतीही तेवढीच असतात. फक्त म्हणतात, "तिला सवय हाय."