पॅरामेशियम सिस्ट करत नाही

लेखात म्हटलंय की डबकं आटलं की पॅरामेशियम (पाण्यातला एकपेशीय जीव) सिस्ट करून, म्हणजे स्वतःभोवती संरक्षक कवच धरून, तग धरतो. इथे गल्लत झाली आहे. पॅरामेशियमची सिस्ट खात्रीने कुणी दाखवलेली नाही. पाणी गेलं की तो मरतो. हे कसब कोल्पोडाचं, म्हणजे मातीत आढळणाऱ्या दुसऱ्या एका एकपेशीय जीवाचं. प्रयोगासाठी वाळलेलं गवत १० मिनिटं उकळा, गार करून गाळा, त्यात चिमूटभर कोरडी माती टाका. एक-दोन दिवसांत घेवड्याच्या दाण्यासारखे कोल्पोडा फिरताना दिसतील. नळाचं पाणी मात्र २४ तास उघडं ठेवूनच वापरा, क्लोरीन त्यांना घातक आहे.

खाद्य (म्हणजे जिवाणू) संपलं की पेशी गोल होते, गरगर फिरत राहते, मग थांबते आणि भोवती थरांचं कवच धरते. याला काही तास लागतात, म्हणून स्लाइडवरचा थेंब झटकन वाळवला तर कवच धरायच्या आतच पेशी फुटतात. ओल्या मातीत किंवा गाळणकागदावर सावकाश वाळवा. आणखी एक, आत दोन किंवा चार पेशी दिसल्या तर ती विभाजनाची सिस्ट, विश्रांतीची नव्हे! कोल्पोडा सिस्टमध्येच विभागतो. हा फरक लेखात यायलाच हवा.