‘क्लिंट काहीच शिकवत नाही’ म्हणे! एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

अनामिकराव,

मार्व्हलच्या ‘हॉकआय’ मालिकेवरच्या (ॲव्हेंजर्स या महानायकांच्या टोळीतला तिरंदाज क्लिंट बार्टन ऊर्फ हॉकआय आणि त्याला बघून तिरंदाज झालेली केट बिशप यांची ती गोष्ट) माझ्या लेखाखाली आपण जी प्रतिक्रिया टाकलीत, तिला तिथेच दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. पण लिहायला बसलो आणि दोन ओळींत मावेना. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं व्हायला नको:

“लेख नेहमीसारखाच भाबडा. क्लिंट बार्टन केट बिशपला अख्ख्या मालिकेत काहीच शिकवत नाही, ती पहिल्या भागातच सगळं शिकून आलेली आहे. याला गुरुशिष्याची गोष्ट म्हणणाऱ्याने आयुष्यात कधी कुणाकडून काही शिकलेलं दिसत नाही. द्रोणाचार्यांनी असं शिकवलं असतं तर झालंच होतं महाभारत! शेवटच्या भागात पात्रांची नुसती जत्रा, माया लोपेझचं उपकथानक म्हणजे पुढच्या मालिकेची जाहिरात, आणि किंगपिन एका मुलीच्या हातून मार खातो हे कुणाला पटतं? मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांच्या कॉमिक्सचा लेखात उल्लेखही नाही. लिहिण्याआधी थोडा अभ्यास करत चला.”

कॉमिक्सचा उल्लेख राहिला हे मान्य. अगदी शंभर टक्के मान्य. २०१२ ते २०१५ या काळात निघालेल्या त्या बावीस अंकांशिवाय ही मालिका उभीच राहिली नसती. ट्रॅकसूट घालून वाक्यागणिक ‘ब्रो’ म्हणणारे गुंड तिथले, पिझ्झा खाणारा एका डोळ्याचा कुत्रा तिथला. त्यातला अकरावा अंक तर सबंध त्या कुत्र्याच्या नजरेतून आहे, माणसं बोलतात त्यातले त्याला कळणारे मोजके शब्द तेवढे आपल्याला वाचता येतात. ज्यांना जमेल त्यांनी जरूर मिळवून वाचावा. झालं? आपला एक मुद्दा मी मोकळ्या मनाने मान्य केलेला आहे याची नोंद घ्यावी.

आता ‘नेहमीसारखाच भाबडा’बद्दल. नेहमीसारखाच, म्हणजे आपण नेहमी वाचता. आनंद आहे. पण इतके दिवस वाचून एकदाही ‘वाचलं’ एवढा शब्द टाकावासा वाटला नाही आणि पहिल्यांदा तोंड उघडलं ते ‘अभ्यास करत चला’ म्हणायला? मी टीकेला घाबरत नाही. या ब्लॉगवर माझ्यावर याहून कडक टीका झालेली आहे आणि ती अजून तिथेच आहे, मी काही खोडत नाही. मुद्दा टीकेचा नाहीच, सुराचा आहे. मास्तरांनी वही तपासून लाल शाईने शेरा मारावा तसा आपला सूर आहे. मी आपल्या वर्गात कधी नाव घातल्याचं मला आठवत नाही.

असो. ‘क्लिंट काहीच शिकवत नाही.’ या वाक्यासाठीच खरं तर मी ही पोस्ट लिहायला घेतली.

मालिकेची सुरुवात आठवून पाहा. २०१२, न्यूयॉर्कवर परग्रहवाल्यांचा हल्ला. लहानग्या केटच्या घराची भिंत कोसळते आणि त्या भगदाडातून तिला दूरच्या गच्चीवर एक माणूस दिसतो. त्याला उडता येत नाही, अंगात लोखंडी चिलखत नाही, हातात नुसतं धनुष्य, आणि समोर आकाशातून उतरणारी फौज. त्या दिवशी तिचे वडील जातात. अंत्यविधीच्या वेळी आई विचारते तेव्हा ही पोर म्हणते, मला धनुष्यबाण हवा. लगेच नामावली सुरू होते आणि ती संपेपर्यंत केट तिरंदाजी, तलवारबाजी, मारामारी सगळं शिकून, पदकं जिंकून बावीस वर्षांची झालेली असते. बरोबर? म्हणजे ‘ती शिकून आलेली आहे’ हे आपलं वाक्य खरं आहे. मी कुठे नाही म्हटलं?

पण पुढचाच प्रसंग बघा की! पैजेवर ती कॉलेजच्या मनोऱ्यातल्या घंटेवर बाण मारते. नेम? अचूक. आणि मग तो मनोराच खाली येतो. नेम तिला येतोच, पण बाण सुटल्यानंतर काय काय होतं आणि ते कोणी निस्तरायचं, हे तिच्या गावीही नाही. क्लिंटकडे शिकवायला नेमकं तेवढंच उरलेलं आहे आणि तो सहा भागांत तेच शिकवतो. तेही मनात नसताना, चिडचिड करत, नाताळला मुलांकडे घरी पोचायचं म्हणून सारखं घड्याळाकडे बघत. त्याच्या हातून शिकवलं जातं, तो शिकवायला म्हणून बसत नाही. मला ही मालिका आवडली ती यासाठी, आणि मूळ लेखात मी हेच म्हटलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात आहे. पोचला होतात का तिथवर?

आता ‘आयुष्यात कधी कुणाकडून काही शिकलेलं दिसत नाही’. हे वाचून मी हसलो, खोटं कशाला बोलू, आधी चिडलो आणि मग हसलो. अहो, मी शाळेत असताना तिरंदाजी केलेली आहे. राज्याबिज्याच्या पातळीवर नव्हे, तसा दावा नाही. बांबूचं धनुष्य, शाळेमागचं मैदान, गवताच्या पेंढ्यांवर डकवलेला कागद. आमच्या सरांनी पहिल्या दिवशी धनुष्य दिलं आणि बाण दिलाच नाही. दोरी ओढायची, हनुवटीखाली आणून टेकवायची, दम धरायचा आणि हळूच पुढे न्यायची. सोडायची नाही, कारण बाणाशिवाय दोरी सोडली की धनुष्य पिचतं. खांदे भरून यायचे. पुढे बाण मिळाला तेव्हा डाव्या हाताला आर्मगार्ड (दोरी लागू नये म्हणून बांधतात ती पट्टी) नव्हतं, दोरीचा फटका कोपराच्या आतल्या बाजूला बसायचा आणि तिथली कातडी आधी लाल, मग काळीनिळी व्हायची. सर ते बघायचे आणि एवढंच म्हणायचे, “कोपर वळव.” बास. कोपर बाहेर वळवलं की दोरी लागत नाही, हे त्या दोन शब्दांत होतं.

आणि या सरांनी मला ‘नेम कसा धरावा’ हे कधीच सांगितलं नाही. चुकलेला बाण ज्याचा त्याने गवतात शोधायचा, शिट्टी झाल्याशिवाय रेषेच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही, हे मात्र शंभरदा सांगितलं. एकदा एक मुलगा शिट्टीआधी पुढे गेला. सर ओरडले नाहीत, त्याच्याजवळ गेले, हातातलं धनुष्य काढून घेतलं आणि त्याला सगळ्यांचे बाण गोळा करायला लावले. आपल्या हिशेबाने आमच्या सरांनीही काहीच शिकवलं नाही. तेव्हा कृपा करून माझ्या शिकण्याबिकण्याबद्दल माहिती नसताना बोलू नका.

द्रोणाचार्य तुम्ही आणलेत, मी नाही. आणलेच आहेत तर एकलव्यही घेऊन या. द्रोणांनी त्याला एक धडा दिला नाही, त्यांचा मातीचा पुतळा समोर ठेवून तो आपला आपण शिकला, आणि तरी आपण पिढ्यान्पिढ्या त्याला शिष्य म्हणतोच ना? केटने तर लांबून, तेही भिंतीच्या भगदाडातून एकदाच पाहिलं. क्लिंटने तिचा अंगठा मागितला नाही, उलट दुसऱ्या भागात औषधाच्या दुकानातून मलमपट्टीचं सामान आणून तिच्या जखमा बघितल्या. कोण बरा गुरू, तुम्हीच ठरवा.

‘काहीच’ शिकवत नाही, हा शब्द तर सरळसरळ चूक आहे, आणि अभ्यासाचे सल्ले देणाऱ्याकडून चूक आहे म्हणून सांगतो. चौथ्या भागात क्लिंट केटला नाणं टिचकीने उडवायला दाखवतो. समोरचा टीव्ही त्याच्या टिचकीने बंद होतो, तिला काही ते नीट जमत नाही. शेवटच्या भागात खेळण्यांच्या दुकानात किंगपिन, म्हणजे गुंडांचा अवाढव्य म्होरक्या, तिला उचलून आपटतो, तिचे बाण जमिनीवर विखुरतात, धनुष्य हातात नाही. तेव्हा ती काय करते? एक कफलिंक टिचकीने उडवते, ती त्या बाणांवर जाते आणि स्फोट होतो. चौथ्या भागातलं शिकवणं आणि सहाव्या भागातली परीक्षा, इतकं सरळ आहे. झोप लागली होती का मध्ये? म्हणजे ‘किंगपिन मार खातो हे कुणाला पटतं’ याचं उत्तरही इथेच आलं. ‘एका मुलीच्या हातून’ हे तीन शब्द मात्र आपणच परत वाचून बघा, मी त्यावर काही बोलत नाही.

आणि तिसरा भाग. लोकांना त्यातला पाठलाग आठवतो. मलाही आठवतो. गाडीच्या मागच्या बाजूला केट, कुठल्या बाणाच्या टोकाशी काय बसवलंय हे तिला ठाऊक नाही, त्यामुळे एकातून ॲसिड निघतं आणि एकातून संडास तुंबल्यावर वापरतात ते रबरी वाटीचं दांडकं. शेवटी पुलावर ती वर बाण सोडते, क्लिंट त्या बाणावर दुसरा सोडतो आणि पहिला हवेतल्या हवेत खांबाएवढा होऊन ट्रकवर पडतो. टाळ्या. पण पाठलागाच्या आधी मारामारीत क्लिंटचं श्रवणयंत्र मोडलेलं असतं. पुढे घरून धाकट्या मुलाचा, नॅथॅनियलचा फोन येतो आणि क्लिंटला एक अक्षर ऐकू येत नाही. केट शेजारी बसून मुलगा बोलतो ते कागदावर लिहीत जाते, क्लिंट वाचतो आणि फोनमध्ये उत्तर देतो. मुलगा म्हणतो, नाताळला नाही आलास तरी चालेल. केटला तेही लिहावं लागतं. दुसऱ्याच्या घरातलं हे वाक्य आपल्या हाताने लिहून त्या बापापुढे धरायचं. या धंद्यात घरी काय किंमत द्यावी लागते, हे तिला त्या कागदावर कळतं. लिहिताना केटचं काम करणाऱ्या हेली स्टाइनफेल्डचा चेहरा बघा. आपल्याला इथे ‘शिकवणं’ दिसलं नसेल तर फळा, खडू आणि हजेरीपट असल्याशिवाय ते आपल्याला दिसणार नाही असं मला नाइलाजाने म्हणावं लागेल.

क्लिंटचं बहिरेपण हे काही मालिकेने सुचवलेलं नवीन टूमही नव्हे. १९८३ च्या चार अंकी हॉकआय मालिकेत ते आलेलं आहे, आणि पुढे आपल्या लाडक्या फ्रॅक्शन-आहा जोडीने एक अंक बराचसा खुणांच्या भाषेत काढला. (हॉकआय हे पात्र १९६४ चं, केट २००५ ची. अभ्यास, अनामिकराव, अभ्यास!) मालिकेने त्याचा जो उपयोग केलाय तो मला फार आवडला. पहिल्या भागात ॲव्हेंजर्सवरचं संगीत नाटक चालू असताना नताशाचं, म्हणजे क्लिंटच्या गेलेल्या जिवलग साथीदारणीचं, काम करणारी नटी रंगमंचावर दिसते आणि क्लिंट यंत्र बंद करतो. पाचव्या भागात न्यूयॉर्कच्या लढाईच्या स्मृतिफलकापुढे तो नताशाशी बोलतो, तेव्हाही यंत्र कानातून काढून. क्लिंटचं काम करणारा जेरेमी रेनर हा काही मला फार मोठा नट वाटत नाही, पण या दोन जागा त्याने राखल्यात.

चौथ्या भागात गच्चीवरच्या झटापटीत केट लोंबकळते आणि क्लिंटच्या डोळ्यांपुढे कड्यावरून गेलेली नताशा येते. त्यानंतर तो केटला सांगतो की घरी जा, इथून पुढचं माझं मी बघतो. कुणी म्हणेल, पाहा, शिष्येला हाकलली! हाकललीच. आमच्या सरांनी त्या मुलाच्या हातातलं धनुष्य काढून घेतलं होतं तेव्हाही तो असाच बघत राहिला होता.

बाकीच्या मुद्द्यांचं काय? शेवटच्या भागात गर्दी आहे. असेल. तो भाग घडतो न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरपाशी, नाताळच्या आठवड्यात तिथे गर्दी असायचीच. माया लोपेझला, म्हणजे त्या ट्रॅकसूटवाल्या गुंडांच्या म्होरकीला, पुढे स्वतंत्र मालिका मिळाली, २०२४ च्या जानेवारीत आली, पाच भागांची. मग? मायाचं काम करणारी अलाक्वा कॉक्स स्वतः कर्णबधिर आहे, ही तिची पहिलीच भूमिका होती आणि ती उत्तम आहे. तिला पुढे काम मिळालं याचं मला तरी वाईट वाटत नाही. नताशाची बहीण येलेना येऊन केटच्या जळक्या घरात मॅकरोनी शिजवून जाते तो प्रसंग मालिकेतला सगळ्यात मजेदार आहे की नाही, यावर वाद घालायची माझी तयारी आहे, पण आपण तो विषय काढलाच नाहीत. कसा काढणार!

प्रतिक्रियांची सोय बंद करणार नाही. आपण लिहा, दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल अंदाज बांधायचे तेवढे सोडून बाकी काय वाटेल ते लिहा. आपल्या प्रतिक्रियेखाली ज्यांनी ‘अगदी सहमत’ लिहिलंय त्यांना वेगळं उत्तर देत बसत नाही. त्यातल्या एकाने मालिकेचं नाव ‘हॉकी’ लिहिलेलं आहे.