फुकटच्या सॉफ्टवेअरवर तुटून पडलेल्या वाचकास

रबराच्या पट्टीवरील स्ट्रेन (मूळ लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ) फोटोंवरून मोजण्याबद्दलच्या माझ्या लेखावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली: "फुकटच्या सॉफ्टवेअरवर कुणी गंभीर मापन करत नाही. सबसेट (फोटोत शोधायचा, पट्टीवरच्या ठिपक्यांचा तुकडा) किती, अनिश्चितता किती, एका कॅमेऱ्याला पट्टीचं पुढेमागे होणं कसं कळणार? आलेखावरची अक्षरंही दिसत नाहीत. सांगलीच्या पोरांची दिशाभूल थांबवा."

अक्षरं बारीक आहेत, मान्य. मोठी करतो.

पण "कुणी गंभीर मापन करत नाही" हे मी सोडणार नाही. कुणी म्हणजे कोण? एनकॉर हे असंच एक फुकटचं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात घडलं, त्यावरचा शोधनिबंध २०१५ साली 'एक्सपेरिमेंटल मेकॅनिक्स' या नियतकालिकात आला. डीआयसीई हे दुसरं, ते अमेरिकेच्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने सर्वांसाठी खुलं केलं. ही माणसं गंभीर नाहीत? दोन्हींचा कोड उघडा आहे. ठिपक्यांचा तुकडा पुढच्या फोटोत कसा शोधला, पिक्सेलच्याही आतलं सरकणं कसं काढलं, त्यावरून स्ट्रेन कसा आला, सगळं ओळ न् ओळ वाचता येतं. विकतच्या पॅकेजमध्ये तुम्हाला मॅन्युअल मिळतं, आतलं काही दिसत नाही. तपासता येतं त्याच्यावर संशय आणि बंद पेटीवर विश्वास, हे मला पटत नाही.

आणि हा सूर माझ्या ओळखीचा आहे. मी कुपवाड एमआयडीसीत रबर मोल्डिंगच्या शॉपवर उमेदवारी केली. पट्टीवर पेनाने दोन खुणा करायच्या आणि यूटीएमवर (ताण देऊन चाचणी करायच्या यंत्रावर) ती ताणली जात असताना फूटपट्टी धरून लांबी वाचायची, हे आमचं मापन. पुढे शिकवायला लागलो तेव्हा अशा विकतच्या पॅकेजच्या विक्रेत्याचा माणूस डेमो देऊन गेला; किंमत कळल्यावर प्रस्ताव कपाटात गेला तो गेलाच. मग पोरांनी डीआयसी, म्हणजे फोटोंतले ठिपके जुळवून स्ट्रेन मोजायची ही पद्धत, फक्त पुस्तकातल्या रंगीत चित्रांत पाहायची का? पांढरा रंग, त्यावर काळ्या स्प्रेचे बारीक ठिपके, ट्रायपॉड, दोन दिवे एवढ्यावर माझ्या विद्यार्थ्यांनी पट्टीतल्या छिद्राच्या कडेला स्ट्रेन कसा एकवटतो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. चिकटवलेला स्ट्रेन गेज (स्ट्रेन मोजायची छोटी पट्टी) त्याच्या खालच्या जागेपुरतं बोलतो, आणि इतक्या ताणलेल्या रबरावर तो टिकतही नाही. याला तुम्ही दिशाभूल म्हणता? त्यांच्यासमोर उभं राहून म्हणून दाखवा.

बाकीच्या गोष्टींत फार वेळ घालवत नाही. कॅमेरा १ मीटरवर असताना पट्टी १ मिलिमीटर पुढे आली तर ती फोटोत मोठी दिसते आणि सुमारे १००० मायक्रोस्ट्रेन (लांबीचे दहा लाखांत १००० भाग) खोटा दिसतो, हे मलाही ठाऊक आहे. आम्ही मोजत होतो ३० टक्के, म्हणजे ३,००,०००. सौम्य पोलाद साधारण १२५० मायक्रोस्ट्रेनलाच यील्ड होतं (कायमचं ताणलं जाऊ लागतं), तिथे १००० ची चूक फार मोठी; त्यावर मी एका कॅमेऱ्याने असे दावे केले असते तर तुमचं मुकाट ऐकलं असतं. अनिश्चिततेसाठी लोड न देता काढलेल्या दोन फोटोंवर तीच प्रक्रिया चालवली. शून्याऐवजी जे निघतं तोच आपला गोंगाट. तो आलेख लेखाच्या शेवटी आहे. तिथवर वाचलं असतं तर दिसला असता. सबसेट ठिपक्यांच्या आकारावरून ठरतो, ते मी वर्गात शिकवतो.

मूळ फोटो हवे असतील तर पाठवतो. तुमच्या महागड्या पॅकेजमध्ये चालवा, आणि छिद्राच्या कडेचा स्ट्रेन वेगळा निघाला तर तो आकडा इथेच, सबसेटसकट लिहा.