मोकळ्या सोडलेल्या जागेबद्दल

नमस्कार,

सैनिकांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या बाईक फेऱ्यांवरच्या माझ्या लेखाबद्दलची तुमची प्रतिक्रिया वाचून लगेच उत्तर लिहायला बसलो नाही, कारण तिच्यातलं निम्मं मला पटलं आहे. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: धारातीर्थी पडलेल्या सैनिकाच्या नावाने शेकडो बाईक रस्त्यावर आणणं हे स्मरण नव्हे, शक्तिप्रदर्शन आहे. पेट्रोल जळतं, कान किटतात, फोटो निघतात आणि घरच्यांच्या पदरात काही पडत नाही. त्यापेक्षा तेच पैसे त्यांना द्यावेत.

आधी आवाजाचं. सायलेन्सर काढलेल्या गाड्या आणि सततचे हॉर्न मलाही सहन होत नाहीत. ज्या आईची झोप आधीच उडाली आहे, तिच्या दारावरून असा गोंगाट नेणं ही श्रद्धांजली नव्हेच. अमेरिकेत वॉशिंग्टनला १९८८ पासून 'रोलिंग थंडर' ही फेरी निघू लागली, तिथे आवाज मुद्दाम केलेला होता. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता आणि कैद झालेल्या सैनिकांचं काय झालं, हा प्रश्न सरकारच्या कानावर घालायचा होता. एका घरातल्या एका मुलासाठी निघालेल्या फेरीला तसं काही कारण नसतं.

पण शक्तिप्रदर्शन? नीट आखलेल्या फेरीत पहिल्या ओळीतली एक जागा मोकळी सोडतात. ती त्या गेलेल्या सैनिकाची, कुणी भरायची नाही. हवाई दलाच्या मानवंदनेत एक विमान रचनेतून वर निघून जातं ना, तसंच हे. मागचे सगळे डावी-उजवीकडे आलटून पालटून, थेट समोरच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचं अंतर राखून. वळणावर एकेरी रांग. ओव्हरटेक कुणी करत नाही. मी एकदा त्या मोकळ्या जागेच्या बरोबर मागे होतो. तासभर समोर नुसता रस्ता. हात सवयीने अ‍ॅक्सिलरेटर पिळायला जातो, पुढे सरकून फट भरायला, आणि दर वेळी तो आवरावा लागतो. कुठल्याही भाषणात तो गेलेला सैनिक मला इतका आठवला नव्हता.

पैशांचं म्हणाल, तर फेरी रद्द झाली म्हणून पेट्रोलचे पैसे पाकिटात घालून कुणी त्या घरी नेऊन देत नाही, हे तुम्हीही जाणता. उलट नोंदणीची रक्कम एकत्र येते ती फेरीमुळेच. ती कुटुंबाकडे किंवा मुलांच्या शिक्षणासाठी गेली पाहिजे आणि पैशापैशाचा हिशेब सगळ्यांसमोर मांडला पाहिजे. जिथे तो मांडत नाहीत, तिथे मीही जात नाही. तुमचा हा संशय रास्त आहे.

आता 'पदरात काय पडतं' याबद्दल. अशाच एका फेरीच्या शेवटी सगळ्यांनी इंजिनं बंद केली. आई व्यासपीठावर गेलीच नाही. ती एकेका बाईकजवळ थांबून विचारत होती, "तू त्याला कसा ओळखायचास?" एकाने सांगितलं, रात्री माझी चेन तुटली तेव्हा तो अनोळखी असूनही दोन तास माझ्याबरोबर थांबला होता. दुसरा म्हणाला, मला पोहायला त्यानेच शिकवलं. यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. मुलाबद्दल आता नवीन काही कळणार नाही, असं धरून बसलेल्या बाईला त्या दुपारी तो आणखी थोडा मिळाला. मदतीचा धनादेश हवाच, पण त्यातून हे मिळालं नसतं.

इंग्लंडमधल्या वूटन बॅसेटमध्ये २००७ पासून सैनिकांच्या शवपेट्या गावातून नेताना लोक कामं सोडून रस्त्याच्या कडेला नुसते उभे राहत. मार्च २०१० मध्ये हजारो बाईकस्वार त्या गावातून गेले, ते त्या उभं राहण्याचे आभार मानायलाच.

एक गोष्ट मात्र मूळ लेखात लिहायची राहिली आणि तुमच्यामुळे ती ध्यानात आली. फेरी काढायची की नाही, हे घरचे ठरवतात. मार्ग त्यांना आधी दाखवायचा, फोटो काढायचे की नाही हे त्यांना विचारायचं. एखाद्या वर्षी ते "आता नको" म्हणाले, तर त्या वर्षी गाड्या घरीच राहतील. हे आजच लेखात जोडतो.