‘आधी केबल, मग खोली’ : एका दाव्याचा प्रतिवाद

घरी स्ट्रीमिंगवर चालणारी हाय-फाय यंत्रणा जुळवू पाहणाऱ्यांमध्ये एक सल्ला गेली काही वर्षे सतत फिरत आहे. त्याचा आशय असा: स्ट्रीमरपर्यंत (इंटरनेटवरून गाणे घेऊन यंत्रणेला देणाऱ्या उपकरणापर्यंत) येणारा सिग्नल ‘शुद्ध’ नसेल तर पुढचे सारे व्यर्थ आहे, म्हणून पहिला खर्च उंची नेटवर्क केबल आणि खास संगीतासाठी बनवलेला स्विच (नेटवर्कची उपकरणे एकमेकांना जोडणारी पेटी) यांवर करावा, सीडीच्या दर्जाचा आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो, म्हणून 24 बिट आणि 192 किलोहर्ट्झच (आवाजाचा प्रत्येक नमुना 24 बिटांचा, सेकंदाला 1,92,000 नमुने; सीडीवर 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झ असतात) ऐकावे, फरक पडला की नाही हे कान सांगतात, त्यासाठी चाचणीची गरज नाही, आणि खोलीचे जे काही असेल ते शेवटी ॲपमधल्या इक्वलायझरने सांभाळून घेता येते. पैसे आणि कष्ट यांचा हा क्रम मला उलटा वाटतो. बेताच्या पैशांत पहिली यंत्रणा उभी करणाऱ्याचे त्यात खरोखर नुकसान होते, म्हणून या चारही विधानांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

प्रथम केबल. नेटवर्क केबलमधून संगीताची लहर जात नाही, तर आकड्यांची पॅकेट जातात. प्रत्येक पॅकेटसोबत पडताळणीचा 32 बिटांचा आकडा असतो, तो जुळला नाही तर ते पॅकेट टाकून दिले जाते आणि टीसीपी या नेटवर्कवरील देवाणघेवाणीच्या नियमानुसार पुन्हा मागवले जाते. पॅकेट कधी लवकर, कधी उशिरा पोहोचतात, पण त्याने काही बिघडत नाही, कारण ती आधी स्ट्रीमरच्या बफरमध्ये साठतात आणि तिथून पुढे डॅकजवळच्या (आकड्यांपासून आवाजाची विद्युत लहर बनवणारा भाग म्हणजे डॅक) स्फटिकाच्या घड्याळाच्या ठोक्यावर एकेक नमुना बाहेर पडतो. या घड्याळाचा केबलमधल्या हालचालीशी संबंध उरत नाही. 24 बिट, 192 किलोहर्ट्झच्या दोन चॅनलना, कोणतेही संकोचन न करता, सेकंदाला सुमारे 9.2 मेगाबिट लागतात. संगणकाच्या दुकानात मिळणारी साधी कॅट 5ई केबल 100 मीटरपर्यंत 1000 मेगाबिट वाहून नेते. पॅकेट वेळेत आलीच नाहीत तर गाणे अडखळते किंवा थांबते. ‘खर्ज भरदार झाला’ किंवा ‘गायक दोन पावले पुढे आला’ असा सूक्ष्म बदल या मार्गाने घडू शकत नाही. ज्याला हे तर्काने पटत नसेल त्याने गाणे चालू असताना स्ट्रीमरची केबल काढून टाकावी. बफरमध्ये साठलेले संगीत संपेपर्यंत गाणे चालू राहते, आणि त्या सेकंदांत ऐकू येणारा आवाज कोणत्याच केबलचा नसतो.

या दाव्यात एक खरा धागा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. केबलमधून आकड्यांबरोबर विजेचा गोंगाटही ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचू शकतो. परंतु नेटवर्कच्या सॉकेटमागे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते दोन्ही उपकरणांना विद्युतदृष्ट्या वेगळे ठेवतात, आणि प्रमाणकानुसार त्यांनी 1500 व्होल्टचा दाब सहन करणे अपेक्षित असते. साध्या केबलचे प्लास्टिकचे टोक हे विलगीकरण अबाधित ठेवते. धातूचे आवरण आणि धातूचे टोक असलेली महागडी केबल मात्र दोन उपकरणांचे सांगाडे एकमेकांना जोडून गोंगाटाला नवी वाट करून देऊ शकते. आपल्याकडच्या घरांत ऐकू येणारी 50 किंवा 100 हर्ट्झची गुणगुण बहुधा सदोष अर्थिंगमुळे येते, नाहीतर सेट-टॉप बॉक्सला छतावरून येणारी केबल आणि ॲम्प यांच्यात तयार झालेल्या अर्थिंगच्या फेऱ्यामुळे येते. चांगल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे, सगळी उपकरणे एकाच बोर्डवर लावणे आणि सेट-टॉप बॉक्स ॲम्पला ऑप्टिकल केबलने जोडणे, एवढ्याने ती बहुतेक वेळा जाते.

दुसरे विधान पायऱ्यांचे. ते सांगताना जी आकृती दाखवली जाते तिच्यात सीडीचा आवाज जिन्यासारखा आणि 192 किलोहर्ट्झचा गुळगुळीत काढलेला असतो, पण डॅकमधून जिना बाहेर पडतच नाही. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1949 मध्ये सिद्धतेसह मांडलेला सिद्धान्त असे सांगतो की ठरावीक मर्यादेच्या आतल्या कंप्रतांचाच आवाज असेल, तर मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेगाने घेतलेल्या नमुन्यांमधून एकच एक लहर जाऊ शकते, आणि डॅकमधला फिल्टर तीच लहर पुन्हा उभी करतो. 44.1 किलोहर्ट्झला ही मर्यादा सुमारे 22 किलोहर्ट्झ येते. माणसाची श्रवणमर्यादा तारुण्यात 20 किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि वयाबरोबर खाली येते. 16 बिटांमुळे मिळणारा सुमारे 96 डेसिबलचा आवाका तर घरातल्या कोणत्याही शांततेला पुरून उरतो. जुन्या स्टुडिओ टेपचा आवाका साधारण 60 ते 70 डेसिबल असे, म्हणून तिच्यावर ध्वनिमुद्रित झालेल्या मैफलीची 24 बिटांची फाइल त्या टेपवर नसलेले काही देऊ शकत नाही.

याची प्रत्यक्ष चाचणीही झाली आहे. 2007 मध्ये मेयर आणि मोरन या अभ्यासकांनी उच्च विभेदनाच्या (सीडीहून वरच्या दर्जाच्या) ध्वनिमुद्रणांच्या मार्गात गुपचूप सीडीच्या दर्जाची कडी घातली, आणि 554 प्रयत्नांपैकी 276 वेळा ऐकणाऱ्यांनी ती बरोबर ओळखली, म्हणजे जवळजवळ नाणेफेकीइतकेच यश मिळाले. दुसरी बाजूही सांगायला हवी: 2016 मध्ये जोशुआ राइस यांनी अशा 18 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले तेव्हा बरोबर ओळखण्याचे प्रमाण 52.3 टक्के आले, जे संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे, पण किती लहान आहे हेही उघड आहे. ध्वनिमुद्रण आणि मिश्रण करताना 24 बिट उपयोगी पडतात, याविषयी माझा वाद नाही. एमक्यूए या उच्च विभेदनाच्या संगीतासाठीच्या फाइल-स्वरूपाचे काय झाले तेही लक्षात ठेवावे. वेगळा डॅक घ्यायला लावणारे हे स्वरूप मोठ्या गाजावाजाने आले, 2023 मध्ये त्यामागची कंपनी प्रशासकांच्या हाती गेली आणि 2024 मध्ये टायडल या संगीत स्ट्रीमिंग सेवेने ते काढून साध्या फ्लॅक या स्वरूपाकडे वळणे पसंत केले. लॉसलेसची (आवाजातले काहीही न गाळणाऱ्या दर्जाची) वर्गणी भरून गाणे फोनवरून ब्लूटूथने पाठवणारे अनेक जण मला भेटतात. त्या वाटेवर आवाज पुन्हा संकुचित होतो. तिथे ब्लूटूथ सोडून स्ट्रीमर शंभर रुपयांच्या नेटवर्क केबलने जोडला तर खरा फरक पडतो.

तिसरे विधान कानांचे. कान हेच अंतिम प्रमाण आहे, हे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच त्यांना न्याय्य परीक्षा द्यावी असे मी म्हणतो. दोन आवाजांत अर्ध्या डेसिबलचा फरक असेल तर तो ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘अधिक चांगला’ म्हणून जाणवतो. नव्या वस्तूची किंमत ठाऊक असली की मनही तसेच ऐकते, आणि यात फसवणूक कोणाचीच नसते, ऐकण्याची क्रियाच तशी आहे. उपाय सोपा आहे. दोन्हींची पातळी 0.1 डेसिबलपर्यंत जुळवावी, केबल घरातल्या दुसऱ्या कुणी बदलावी, आणि ऐकणाऱ्याला ती दिसू नये. नुसत्या अंदाजाने 16 पैकी 12 किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता 4 टक्क्यांहून कमी असते, म्हणजे एका संध्याकाळी निकाल लागतो.

आता खोली, जिला या सल्ल्यात शेवटचे स्थान दिले आहे आणि जिच्यात सर्वांत मोठे दोष असतात. आपल्या फ्लॅटमधले हॉल म्हणजे काँक्रीट किंवा विटांच्या भिंती, खाली गुळगुळीत टाइल्स, वर प्लास्टर आणि एका बाजूला काचेची सरकती खिडकी. अशा ठिकाणी खालच्या स्वरांची ऊर्जा शोषली जात नाही, ती समोरासमोरच्या भिंतींमध्ये उभी राहते. माझा हॉल 16 फूट लांब आहे. त्या लांबीतली पहिली उभी लहर 35 हर्ट्झला आणि दुसरी 70 हर्ट्झला येते. काळी एक सुरात लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झचा, म्हणजे दुसरीच्या अगदी शेजारी. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असताना प्रत्येक आवर्तनात खर्जाची तार तेवढी फुगून येई, आणि डग्ग्यावर मनगट दाबून घेतलेली मिंड त्या पट्ट्यातून जाताना मध्येच घुमून पुन्हा क्षीण होई, जणू वादकाचाच हात चुकत होता. भिंतीशी या लहरीचा दाब सर्वाधिक असतो आणि तिथून चार फुटांवर तो जवळजवळ शून्य होतो. सोफा अडीच फूट पुढे ओढला तेव्हा 70 हर्ट्झचा उठाव गणिताने अपेक्षित असलेल्या पाच डेसिबलच्या आसपासच खाली आला. यासाठी एक प्रमाणित मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरले.

स्पीकरचेही तसेच आहे. तो मागच्या भिंतीपासून 85 सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवरून परतणारी लहर 100 हर्ट्झच्या सुमारास थेट आवाजाला विरोध करते आणि तिथे खड्डा पडतो. स्पीकर वीतभर पुढेमागे केला की खड्डा सरकतो. जाड सतरंजी, गच्च भरलेले पुस्तकांचे कपाट आणि पडदे वरच्या स्वरांचा खणखणाट आवरतात. खालच्या स्वरांना मात्र त्यांचा उपयोग होत नाही, कारण 70 हर्ट्झची तरंगलांबीच जवळजवळ पाच मीटर असते आणि इंच-दोन इंचांचा फोम तिच्यापुढे काहीच नसतो.

इक्वलायझरने हे सारे निभावते, असे म्हणणाऱ्यांनी उंचवटा आणि खड्डा यांतला भेद पाहावा. उंचवटा कापता येतो. लहरींनी एकमेकींना छेदून पडलेला खड्डा भरता येत नाही, कारण तिथे 6 डेसिबल वाढवायला ॲम्पकडून चौपट शक्ती घ्यावी लागते आणि विरोध करणारी लहरही तितकीच वाढते. म्हणून आधी बैठक आणि स्पीकर हलवावेत, मग मोजावे, आणि जे उंचवटे तरीही उरतील तेवढेच कापावेत. माझ्या हॉलमध्ये आता 70 हर्ट्झवरचा एकच फिल्टर लावलेला आहे, आणि राउटरपासून स्ट्रीमरपर्यंत जाणारी केबल राउटरच्या खोक्यातून आली तीच आहे.